समोरचा दात

४ जानेवारी १८६४. टेनेसी, नदीकाठचा तळ

दात. सकाळपासून दुसरं काही सुचत नाही. वरचा, समोरचा, डावा. त्याच्या शेजारचा उजवा गेल्या शरदात फौजेच्या दगडासारख्या बिस्किटावर मोडला, तेव्हा मी तोंड उघडून सगळ्यांना दाखवत हिंडलो होतो. आता हा एकटा उरलाय आणि शेजाऱ्याच्या नावाने ठणाणा करतोय.

बिस्किट कॉफीत भिजत घातलं. कॉफी गार झाली, बिस्किट तसंच. शेवटी कॉफी प्यायलो आणि बिस्किट माझ्या झोपडीतल्या गुलिकला दिलं. त्याने ते कडाकडा फोडून खाल्लं. गुलिकचे दात घोड्याचे आहेत – रुंद, पांढरे, एकही हललेला नाही. माझ्याकडे बघत बघत खात होता. मुद्दाम.

शाई गोठली. पेन्सिलीने लिहितोय. बसवत नाही, उभं राहवत नाही.

६ जानेवारी

जेवण म्हणजे मक्याची कणसं. खेचरांना येतात तीच. त्यांच्यातून उरतील तेवढी आमची. जोडे संपलेत. गाईच्या ओल्या कातड्याचे तुकडे पायाला बांधून सगळी कंपनी फिरते आहे. वाळलं की ते आखडतं आणि पाय आवळतं. तेवढा वेळ दाताचा विसर पडतो, हे एक बरं.

आज कॅप्टनने सगळ्यांना शेकोटीपाशी बोलावून हुकूम वाचला. आधी इंग्रजीत, मग आपल्या भाषेत – कारण आमच्यातल्या अर्ध्या नॉर्वेवाल्यांना इंग्रजीतलं फक्त ‘चला’ आणि ‘थांबा’ कळतं. हुकूम असा: ज्यांची दोन वर्षं झाली त्यांनी पुन्हा भरती व्हायचं. आणखी तीन वर्षांसाठी, नाहीतर लढाई संपेपर्यंत. त्याच्या बदल्यात लगेच तीस दिवस घरी. वर बक्षिसाचे पैसे आणि बाहीवर पट्टी. कंपनीतल्या दर चौघांमागे तिघांनी सही केली तर अख्खी कंपनी झेंड्यासकट घरी, विस्कॉन्सिनला जाणार. तेवढे झाले नाहीत तर कुणीच नाही. आणि जे सही करणार नाहीत त्यांनी इथेच ओहायोवाल्यांच्या रेजिमेंटमध्ये राहून मुदत संपवायची. माझी मुदत ऑक्टोबरात संपते.

कॅप्टन एलेफसन म्हणजे आमच्या खोऱ्यातले गिरणीवाले. आम्हीच हात वर करून त्यांना कॅप्टन केलं. त्यांच्या विरुद्ध शाळामास्तर उभे होते. ते निवडून आले असते तर रोज दोनदा प्रार्थना झाली असती, म्हणून पडले. त्यामुळे एलेफसन हुकूम देतात तेव्हा विचारल्यासारखा देतात. “बघा बुवा, विचार करा,” म्हणाले, आणि नाक पुसत निघून गेले.

गुलिक म्हणाला, “तीस दिवस देणार आणि तीन वर्षं घेणार. गिरणीवाल्याचं माप! जन्मभर हेच करत आलाय.”

८ जानेवारी

झोप नाही. दात आणि हुकूम, दोन्ही आलटून पालटून.

मी घरून निघालो तेव्हा बिर्गितला पाचवा महिना होता. ओसे फेब्रुवारीत झाली. येत्या महिन्यात दोन वर्षांची होईल आणि मी तिला पाहिलेलं नाही. बिर्गितच्या मागच्या पत्रात होतं की माझा रविवारचा काळा कोट दाराशेजारच्या खुंटीला आहे तसाच आहे. रोज संध्याकाळी ती ओसेला उचलून त्याच्यापाशी नेते. ओसे बाही धरते आणि म्हणते, “बाबा, झोपा आता.” मगच स्वतः झोपते.

मला माझ्याच कोटाचा हेवा वाटतो. सांगायची सोय नाही.

सही केली तर फेब्रुवारीतच तिला उचलून घेईन. पण मग पुढची तीन वर्षं पुन्हा हेच – गेल्या सप्टेंबरात त्या जंगलातल्या लढाईत पाहिलं ते सगळं पुन्हा. नाही केली तर ऑक्टोबरात सुटलो, कायमचा. ऑक्टोबर बघायला उरलो तर. मी सुतार माणूस. फळी कापायची तर आधी दोनदा मोजतो. इथे मोजायला काहीच नाही.

१० जानेवारी

सहन होईना. दवाखान्याच्या तंबूकडे निघालो. तिथला मदतनीस चिमट्याने दात काढतो, पूर्वी घोड्यांचे काढायचा. वाटेत हाल्वोरकाकांनी अडवलं. काका आमच्या झोपडीतले तिसरे. कॉर्पोरल, वयाने सगळ्यांत मोठे. भरती होताना त्यांनी दाढीला काजळ फासून वय लपवलं होतं.

“कुठे?”

“दात काढायला.”

“कुठला?”

दाखवला. काकांचा चेहरा पडला. “लेका, वेडा की काय? नवी भरती म्हणजे डॉक्टरची तपासणी नव्याने. पायदळवाल्याला कागदाचं काडतूस दातांनी फोडावं लागतं. समोरचे दोन्ही गेले तर काय ओठांनी फोडणार? नापास करतील तुला. मग घर विसर.”

“मी सही करणार असं कोण म्हणालं?”

“कुणी नाही. पण दात असला तर निदान विचार तरी करता येईल.”

परत आलो. म्हणजे आता हा दात दुखण्यासाठीच ठेवायचा.

१३ जानेवारी

काकांनी सगळ्या कंपनीत बोभाटा केला. सही करणारे अजून पुरेसे झालेले नाहीत, थोडे कमी पडतायत. म्हणून माझा दात आता सरकारी मालमत्ता झाला आहे. सकाळी एकाने लवंग आणून दिली – कुठून आणली देव जाणे. दुसऱ्याने त्याच्या वाटणीची व्हिस्की. दुपारी चक्क कॅप्टनचा स्वयंपाकी गव्हाच्या पिठाची लापशी घेऊन आला. “कॅप्टननी पाठवली. चावू नका म्हणालेत.”

दोन वर्षांत मला कुणी लापशी विचारली नव्हती. ताप आला होता तेव्हासुद्धा.

गुलिक हसून हसून लोळला. “टोलेफ, दाताला सलाम करू का? की त्याला बढती मिळाल्यावर करू?”

१५ जानेवारी

गुलिकला विचारलं, तुझं काय. म्हणाला, “माझं काय असायचंय? घरी कोण आहे माझं? आईबाप नॉर्वेत. झोपडीला कुलूप. तीस दिवस जाऊन कुलूप बघून येऊ? ऑक्टोबरात सुटतो, तुझ्या ओढ्यापलीकडची जमीन घेतो. तू घर बांधून दे. बिर्गित मला बायको शोधून देईल.”

त्याने सगळं ठरवून ठेवलंय. चुलीची जागासुद्धा.

इथे प्रत्येकाला अर्धा तंबू मिळतो. अर्धा, म्हणजे एक कापड, कडेला बटणं. दुसऱ्या कुणाच्या अर्ध्याला जोडलं की तंबू होतो. एकट्याच्या अर्ध्याचा काहीच होत नाही, पावसात डोक्यावर घ्यायचा फार तर. हिवाळ्यात लाकडाच्या झोपड्या बांधल्या तरी आमच्या झोपडीचं छप्पर त्याच दोन अर्ध्यांचं आहे. दोन वर्षं गुलिकचा आणि माझा जोडलेला आहे. माझी बटणं पितळेची होती, ती हरवली तशी मी लाकडाची करून लावली. त्याच्या अर्ध्यालाही.

१८ जानेवारी

आज मका आणायला गाड्या घेऊन गेलो होतो, वाईट झालं. परत येताना ओढ्यापाशी दक्षिणेच्या बंडवाल्यांनी गोळ्या घातल्या. आम्ही कुंपणाआड पडलो. पहिलं काडतूस तोंडात धरलं आणि डोळ्यांपुढे अंधार आला. कागद फाटेना. बाजूच्या दातांनी ओढायला गेलो, बंदुकीची दारू सांडली.

गुलिक शेजारी होता. त्याने माझं काडतूस घेतलं, फोडलं, हातात दिलं. मग स्वतःचं फोडलं. मग पुन्हा माझं. सगळा वेळ असंच. त्याचं तोंड दारूने काळं झालं होतं आणि तो थुंकत होता, शिव्या देत होता, फोडत होता.

एक गाडी गेली. आमच्यातलं कुणी गेलं नाही. परतताना गुलिक म्हणाला, “कुणाला सांगू नकोस. तुझ्या दाताची इभ्रत जाईल.”

हे असंच आणखी तीन वर्षं? दुसऱ्याच्या दातांवर?

१९ जानेवारी

काही लिहायचं नाही. दिवसभर नदीकाठाने फेऱ्या मारल्या.

२० जानेवारी

सही केली.

नाश्त्यानंतर सरळ कॅप्टनच्या टेबलाशी गेलो, डोकं चालवलंच नाही. कॅप्टन म्हणाले, “टोलेफ, नक्की?” मी म्हणालो, “लवकर द्या पेन.” सही दुसऱ्याच कुणाची वाटते.

एवढंच आठवत होतं की ओसे बाही धरते. कापडाची.

गुलिकला सांगितलं. तो लाकूड फोडत होता. थांबला नाही. “बरं झालं,” म्हणाला. “ओहायोवाल्यांत मला एखादा बरा जोडीदार मिळेल. न घोरणारा.”

२२ जानेवारी

एक कमी पडतोय. फक्त एक! कॅप्टनने संध्याकाळी सांगितलं, आणि सगळ्यांनी एकाच वेळी गुलिककडे पाहिलं. सही न केलेले आणखी आहेत, पण त्यांतले काही आजारी, काहींचं बायकोशी पटत नाही, घरी जायचंच नाही त्यांना. वळण्यासारखा एकटा गुलिक.

कालपर्यंत माझे लाड होते. आज त्याचे सुरू झाले. व्हिस्की, तंबाखू, “गुलिक, गड्या.” त्याने व्हिस्की प्यायली, तंबाखू खिशात घातली आणि म्हणाला, “नाही.”

२३ जानेवारी

लाड संपले. सकाळी त्याचं पांघरूण बाहेर बर्फात पडलेलं. कुणी टाकलं विचारलं तर सगळे मुके. हाल्वोरकाकांनी झटकून आत आणलं, पण तेही त्याच्याशी बोलले नाहीत. काकांची बायको आजारी आहे, त्यांना जायचंय. सगळ्यांनाच जायचंय. त्याला खिंडीत गाठलंय आणि तो जेवताना शीळ घालतोय.

माझ्याकडे कुणी बघत नाही, पण सगळ्यांच्या मनात काय आहे ते मला कळतं. तू सांग त्याला. तुझं तो ऐकेल.

मी नाही सांगणार. त्याने कशासाठी तीन वर्षं द्यावीत? त्याच्या घराची चूल कुठे ती मला माहीत आहे.

२४ जानेवारी

सांगितलं.

पाणी आणायला दोघे गेलो होतो. मी म्हणालो, “गुलिक, मला ओसेला बघायचंय.” एवढंच. सही हा शब्द उच्चारला नाही. पण हे विचारणंच होतं, आणि ते आम्हा दोघांनाही कळलं.

तो बादली भरत राहिला. भरून वाहायला लागली तरी धरून होता. मग म्हणाला, “चल, बर्फ पडायला लागेल.”

मला माझी लाज वाटते. आणि आत कुठेतरी आशाही वाटते, तिची जास्त लाज वाटते.

२५ जानेवारी

गुलिकने सही केली. त्याला लिहिता येत नाही, फुली मारली. कंपनीने त्याला खांद्यावर घेतलं. परवाचे पांघरूण फेकणारे सगळ्यांत पुढे.

झोपडीत आल्यावर मी बोलायला गेलो तर म्हणाला, “गप रे. मला ओहायोवाल्यांचं इंग्रजी कळत नाही, म्हणून केली.”

जोडे येणार आहेत म्हणे, घरी जाणाऱ्यांना. दात आज जरा कमी. हलतो मात्र, खुर्चीच्या ढिल्या खुंटीसारखा.

२७ जानेवारी

तपासणी झाली. लिहायला हात उठत नाही, पण लिहितो.

रांगेत गुलिक माझ्या पुढे होता. डॉक्टरने त्याच्या छातीला कान लावला, उड्या मारायला लावल्या, तोंड उघडायला सांगितलं आणि हसला. “असे दात मी घोड्याच्या बाजारातही पाहिले नाहीत.” पास.

मग मी. छाती ठीक. पाय ठीक. तोंड उघडलं. सकाळपासून जीभसुद्धा दाताला लावली नव्हती. डॉक्टरने बोट घातलं आणि दात नुसता दाबला. जोर केला नाही, मी त्याला दोष देत नाही. दात जिभेवर आला.

तसाच तोंडात धरून उभा राहिलो. वाटलं, गिळून टाकावा आणि काही झालंच नाही म्हणावं. डॉक्टर म्हणाला, “थुंक.”

“साहेब, मी बाजूच्या दातांनी फोडतो काडतूस.”

“तीन वर्षांच्या भरतीला समोरचे लागतात. नियम आहे.”

“मग मला आत्ता घरी सोडा.”

“उरलेल्या मुदतीला चालेल.”

म्हणजे ऑक्टोबरपर्यंत मला दात आहेत, पुढे नाहीत! काका म्हणाले, हसू नकोस टोलेफ, ऐकवत नाही. मी हसत होतो का, मला कळलं नव्हतं.

नापास माणूस एकूण मोजणीतच धरत नाहीत. त्यामुळे माझी सही गेली तरी चौघांमागे तिघे भरले. सगळे जाणार. गुलिक जाणार. मी नाही.

२८ जानेवारी

गुलिक कॅप्टनकडे गेला होता. फुली पुसता येते का विचारायला. येत नाही.

आल्यावर झोपडीत त्याने कशाला तरी लाथ घातली. कॉफीचं भांडं होतं. एकमेकांवर रागावलोय की कशावर, कळेना. शेवटी तोच म्हणाला, “मी तिकडे जाऊन काय करू आता?”

मी म्हणालो, “माझ्या घरी राहा. लाकडं फोडून दे. ओसेला बघ. नीट बघ आणि येऊन सांग.”

३० जानेवारी

गेले. झेंडा पुढे, नव्या जोड्यांचा आवाज. गुलिककडे ओसेसाठी लाकडाची गाय दिली, काल दिवसभर बसून केली. एक शिंग जरा आखूड झालंय. काकांनी टोपीला हात लावून निरोप घेतला.

छप्पर सोडवलं. गुलिकने त्याचा अर्धा मलाच ठेवून दिला. “दोन्ही लाव,” म्हणाला, “एकट्याने ऐसपैस झोप.”

तोंडात भोक आहे आणि जीभ सारखी तिथेच जाते. ठणका पार गेला. इतके दिवस तो जावा म्हणून तळमळलो, आता त्याच्याशिवाय करमत नाही.

१४ फेब्रुवारी

ओहायोवाले वाईट नाहीत. फार बोलतात. मला ‘स्वीड’, म्हणजे स्वीडनवाला, म्हणतात; नॉर्वे म्हटलं तरी स्वीडच.

२० फेब्रुवारी

ओसे आज दोन वर्षांची. आत्तापर्यंत गुलिक पोचला असेल. उवा घेऊन पोचला असेल, बिर्गित काय म्हणेल! दिवसभर पहाऱ्यावर येरझाऱ्या घातल्या, सार्जंटने दोनदा हटकलं की जागेवर उभा राहा.

३ मार्च

पाऊस. चिखल. काही नाही.

२८ मार्च

आले! सगळे गुटगुटीत होऊन आलेत, दाढ्या कापलेल्या. हाल्वोरकाकांची बायको बरी आहे. मला माझ्या कंपनीत परत घेतलं.

गुलिककडून एकेक काढून घ्यावं लागतंय. एरवी तोंड मिटत नाही याचं.

“बिर्गित?”

“बरी आहे. दारातच अडवलं मला. आधी कपडे, म्हणाली. सगळे उकळत्या पाण्यात घातले, उवांसकट. अंगावर घालायला तुझे दिले, खुंटीवरचा कोटसुद्धा.”

“ओसे?”

“मोठी झालीय.”

“लेका, मी तिला लहान तरी कधी पाहिलं? कशी आहे? घाबरली का तुला?”

“नाही. घाबरली नाही.” तो जोड्याची वादी बांधायला लागला, ती बांधलेलीच होती. “लगेच आली. गाय आवडली. गायीला घेऊन झोपते.”

“बोलते काय?”

“पुष्कळ. सगळं काही कळत नाही.” मग म्हणाला, “टोलेफ, तू ऑक्टोबरात सुटलास की कुठे थांबू नकोस. सरळ घरी जा.”

मी म्हणालो, नाहीतर काय नाचायला जाणार आहे? पण तो हसला नाही. तिकडे खाऊन खाऊन जड झालाय बहुतेक.

बिर्गितने पातळ भाकऱ्या पाठवल्यात. कडक. भिजवून खाल्ल्या.

१० एप्रिल

गुलिकने त्याच्या मनातल्या घराची चूल हलवली. आता ती उत्तरेच्या भिंतीला नको म्हणतो, ओढा दिसेल अशी खिडकी हवी तिथे. “तीन वर्षं आहेत विचार करायला,” म्हणतो. टोचून म्हणत नाही. मलाच टोचतं.

१२ मे. जॉर्जिया

रोज चालतोय. रोज गोळीबार. बाजूच्या दातांनी फोडायला जमतं आता, पण वेळ लागतो. घाई असली की गुलिक न विचारता माझ्याकडे हात पुढे करतो.

२९ मे

सकाळी तंबू सोडवत होतो. तो त्याच्या बाजूने, मी माझ्या. लढाई नव्हती, गडबड नव्हती. दूर कुठेतरी एक बंदूक वाजली, तशा सारख्या वाजतातच. मी म्हणालो, “तुझ्या बाजूची बटणं राहिली.” कापड त्याच्या बाजूने खाली गेलं. कापडाच्या पलीकडे बघितलं.

त्याच्या अर्ध्यात त्याला गुंडाळलं. बटणं सोडवताना लाकडाचं एक तुटलं, ते मी ठेवून घेतलंय. काकांनी प्रार्थना म्हटली. मला म्हणता येईना. पाण्यापाशी बादली धरून उभा असलेला तोच सारखा दिसतो.

मी मागितलं आणि त्याने दिलं. एवढंच लिहितो.

३० मे

कॅप्टन म्हणाले, एका नवीन माणसाचा अर्धा तुझ्या अर्ध्याला जोड. जोडला. बटणं बसत नाहीत.

२ ऑगस्ट

तेच. चर खणा, पुढे जा, चर खणा.

१९ ऑक्टोबर

सुटलो. कॅप्टननी हात हातात घेतला आणि सोडेचनात. काका तिथेच राहिले, त्यांची सही आहे. मी एकटाच रस्त्याला लागलो.

६ नोव्हेंबर. विस्कॉन्सिन

घरी.

बिर्गित अंगणात होती, हातातली टोपली तशीच खाली सोडली. तिला तोंड दाखवलं, भोकासकट. ती म्हणाली, “असू दे.” आधी कपडे मात्र उकळायला घेतलेच. मग म्हणाली, “गुलिकचं कळलं आम्हाला,” आणि पाणी आणायला गेली.

ओसे टेबलाखाली बसून बघत होती. केस माझ्या आईचे. लाकडाची गाय छातीशी धरलेली, आखूड शिंग पार मोडलंय. बोलावलं तर आली नाही. माझ्या मागे दाराकडे बघत होती, आणखी कुणी आत यायचं राहिलंय की काय असं. येईल हळूहळू. तीन वर्षांची वाट पाहिली, आणखी दोन दिवस काही नाही.

ओढ्यापलीकडे जाऊन आलो. जमीन तशीच आहे.

१३ नोव्हेंबर. रविवार

चर्चला जायला खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला. ओसे धावत आली आणि बाही ओढायला लागली. “काढ. तो बाबांचा आहे.”

मी खाली बसलो. म्हणालो, “मीच तुझा बाबा.”

तिने माझ्या तोंडात नीट पाहिलं. “नाही,” म्हणाली. “बाबांना दात आहेत.”

बिर्गित चुलीकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही.

कोट काढून परत खुंटीला लावला. तसाच चर्चला गेलो, थंडीत. संध्याकाळी ओसे म्हणाली, उचल, तेव्हा उचललं – पहिल्यांदाच आली माझ्याकडे. तिने खुंटीवरच्या कोटाची बाही धरली आणि म्हणाली, “बाबा, झोपा आता.”

मीही म्हणालो.